ताटलीतली नोट आणि हक्काचा पगार

छोट्या दोस्तांनो, हॉटेलात मिसळ खाऊन झाली की वेटरकाका बिल कशात घालून आणतात? बरोबर! एका छोट्याशा ताटलीत. शेजारी बडीशेप आणि खडीसाखर. बाबा पैसे ठेवतात, सुटे परत येतात आणि मग घरातली मंडळी एकमेकांकडे बघतात. "किती ठेवायचे? दहा की वीस?" तोवर तुमची बडीशेप खाऊन संपलेलीही असते!

त्या दहा-वीस रुपयांना कुणी टिप म्हणतं, कुणी बक्षिसी, कुणी चहापाणी. आज आपण त्या नोटेबद्दलच बोलणार आहोत. ती नोट नेमकी कुणाची? आणि ती मिळते म्हणून मालकाने वेटरकाकांना पगार कमी दिला तर चालेल का? प्रश्न वाटतो तितका साधा नाही बरं का! यावरून सर्वोच्च न्यायालयात खटले चालले आहेत, सातासमुद्रापार चळवळी झाल्या आहेत. आणि आपल्या इगतपुरीला तर हा प्रश्न अगदी घरचाच आहे.

पावसाबरोबर येणारी बक्षिसी

इगतपुरी म्हणजे घाटमाथ्यावरचं गाव. १ जानेवारी १८६५ रोजी कसाऱ्याहून थळघाट चढून आगगाडी इथे पोचली. चढ असा की ३७ फूट पुढे जाताना गाडी १ फूट वर चढते. म्हणून आजही कसाऱ्याला गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. मुंबई-आग्रा रस्ताही इथूनच जातो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. आजूबाजूला धरणं, धबधबे, धुकं. मग काय, पाऊस सुरू झाला की मुंबई-नाशिकची मंडळी गाड्या भरभरून येतात. हॉटेलं, ढाबे, रिसॉर्ट, भजी-मक्याच्या टपऱ्या, सगळीकडे झुंबड!

या ठिकाणी काम कोण करतं? आसपासच्या गावांतली आणि पाड्यांवरची पुष्कळ माणसं. भाताची आवणी आटोपली की कुणी ढाब्यावर पोळ्या लाटायला जातं, कुणी रिसॉर्टमध्ये खोल्या झाडायला, कुणी टेबलावर पाणी द्यायला. एकदा वर्गात पावसावर पाच वाक्यं लिहायला दिली होती. बाकीच्यांनी छत्री, बेडूक, इंद्रधनुष्य लिहिलं. एका मुलाने लिहिलं, "पाऊस असला की आमच्या घरी पैसे असतात." त्याचे वडील हॉटेलात वेटर आहेत.

त्या एका वाक्यात केवढं गणित आहे बघा! आपण ते सोडवूया. आकडे आपले खोटे-खोटे, फक्त उदाहरणासाठी. एका वेटरकाकांना जुलैतल्या एका आठवड्यात मिळालेली बक्षिसी अशी :

रविवार ४०० रुपये, सोमवार ३०, मंगळवार २०, बुधवारी घाटात दरड पडून रस्ता बंद म्हणून ०, गुरुवार ३०, शुक्रवार ६०, शनिवार ३००.

बेरीज ८४०. भागिले ७. सरासरी रोजची १२० रुपये. वा, झकास! पण थांबा. बुधवारी सकाळी दूधवाला दारात आला तर त्याला सरासरी देता येईल का? सरासरी वहीत असते, खिशात नसते. आणि हा तर पावसाळ्यातला आठवडा. मार्च-एप्रिलमध्ये धबधबे आटतात, टेबलं रिकामी पडतात. तेव्हा ४०० चा रविवार कुठून आणायचा? पोट मात्र मार्चमध्येही जुलैएवढंच भुकेलं असतं!

म्हणूनच माणसाच्या कमाईत काहीतरी पक्कं हवं. पाऊस पडो न पडो, गिऱ्हाईक दिलदार असो की कंजूष, कामाचे पैसे मिळालेच पाहिजेत. या पक्क्या पैशाचं नाव किमान वेतन.

बलुतं वेगळं, पोस्त वेगळी

हा फरक आपल्या आजी-आजोबांना चांगला ठाऊक आहे. त्यांना विचारा, पूर्वी गावात सुतार, कुंभार, न्हावी यांना काय मिळायचं? सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा वाटा मिळायचा. त्याला म्हणायचे बलुतं. ते हक्काचं. वर्षभर नांगर दुरुस्त केला, मडकी दिली, त्याचा तो मोबदला. त्या पद्धतीत अन्यायही पुष्कळ होता. काम जातीला बांधलेलं होतं आणि काहींच्या वाट्याला कष्ट जास्त नि धान्य कमी यायचं. पण वाटा हा हक्क आहे, एवढी गोष्ट त्यात मान्य होती.

आणि दिवाळीची पोस्त? पोस्टमनकाका, रखवालदार, कचरा नेणाऱ्या मावशी यांना दिवाळीत आपण खुशीने चार पैसे देतो, ती पोस्त. ती हक्काची नाही, आनंदाची. पोस्त दिली म्हणून कुणी पोस्टमनकाकांचा पगार कापतं का? छे!

पगार म्हणजे बलुतं, बक्षिसी म्हणजे पोस्त. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल.

किमान वेतनाचा हिशेब

११ एप्रिल १९४६ रोजी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात किमान वेतनाचं विधेयक मांडलं गेलं. ते मांडणारे मजूर खात्याचे सदस्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे स्वातंत्र्य मिळाल्यावर, मार्च १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा कमी पगार मालकाने द्यायचा नाही, हे त्याचं सार. महाराष्ट्रात हॉटेल आणि खानावळीतलं कामही या कायद्याखाली आलं. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा 'वेतन संहिता, २०१९' ने घेतली आहे. तिच्यात किमान वेतनाचा हक्क ठराविक धंद्यांपुरता न ठेवता सगळ्याच नोकऱ्यांना दिला आहे. केंद्र सरकारने देशासाठी एक तळरेषा ठरवायची आणि कोणत्याही राज्याने तिच्याखाली जायचं नाही, असंही त्यात आहे.

पण 'किमान' म्हणजे किती? हे कुणी मनाला येईल तसं ठरवत नाही. १९५७ साली भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात सरकार, मालक आणि कामगार एकत्र बसले आणि त्यांनी हिशेबाची रीत ठरवली. ती अशी :

• कमावणाऱ्या एका माणसामागे खाणारी तीन 'एककं' धरायची. म्हणजे आई-बाबा आणि दोन मुलं. मुलं कमी खातात असं मानून चौघांची तीन एककं!

• प्रत्येक एककाला रोज २७०० कॅलरी मिळतील इतकं अन्न.

• चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, म्हणजे माणशी १८ वार.

• राहायला घर, त्याचं भाडं.

• जळण, दिवाबत्ती आणि किरकोळ खर्चासाठी किमान वेतनाच्या २० टक्के.

पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरा. म्हणजे तुमच्या वह्या-पुस्तकांचे पैसेसुद्धा किमान वेतनात मोजायचे!

आता ही यादी पुन्हा नीट वाचा. धान्य आहे, कापड आहे, भाडं आहे, औषध आहे. 'वजा गिऱ्हाइकाने दिलेली टिप' असं कुठे दिसतं का? नाही ना!

आणखी एक गंमत, नव्हे, फार मोलाची गोष्ट. त्या १९५७ च्या ठरावात असंही म्हटलं होतं की हा हिशेब करताना बायकांची आणि मुलांची कमाई धरायची नाही. म्हणजे एका माणसाच्या पगारात घर चाललं पाहिजे आणि मुलांनी शाळेत असलं पाहिजे. मोठ्यांचा पगार पुरेसा असला, तरच पोरांच्या हातात फडक्याऐवजी पाटी-पेन्सिल राहते.

महाराष्ट्रात हे दर कामाच्या प्रकारानुसार, म्हणजे कुशल, अर्धकुशल, अकुशल असे आणि भागानुसार ठरतात. या भागांना परिमंडळ म्हणतात. मोठ्या शहरांचा दर वेगळा, लहान गावांचा वेगळा. शिवाय महागाई वाढेल तसा विशेष भत्ता वाढवत नेण्याची पद्धत आहे. यातून एक विचार करण्यासारखा प्रश्न निघतो. मुंबईचं गिऱ्हाईक इगतपुरीत येतं, मुंबईच्या दराने चहा पितं. मग चहा देणाऱ्याचा पगार मात्र इगतपुरीच्या परिमंडळाचा का? लहान गावात भाडं कमी असतं हे खरं, पण तेल-डाळीचा भाव गाव बघून कमी होतो का? यावर घरी जरूर वाद घाला. वाद घालायला हरकत नाही, भांडायचं मात्र नाही!

नोट कुणाची?

आता जयपूरला जाऊया. तिथल्या रामबाग पॅलेस या राजवाड्याच्या हॉटेलातल्या कामगारांचा वाद १९७६ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. प्रश्न आपलाच. कामगारांना टिप मिळते, मग ती त्यांच्या वेतनात धरायची का? न्यायालयाने सांगितलं, नाही. टिप गिऱ्हाईक देतं, मालक देत नाही. टिपेचे पैसे हॉटेलने गोळा करून वाटले, तरी ते हॉटेलचे होत नाहीत.

किती सरळ आहे बघा. समजा, शेजारच्या काकूंनी तुमच्या आईकडे तुमच्यासाठी लाडू दिला. आईने तो तुम्हाला दिला. आता आई जर म्हणाली, "लाडू मिळाला ना, मग आज जेवण नाही," तर तुम्ही काय म्हणाल? लाडू काकूंचा, जेवण आईचं!

२०१६ साली असाच प्रश्न वेगळ्या वेषात पुन्हा आला. गिऱ्हाईक कार्डाने बिल भरतं आणि टिपही त्यातच घालतं. पैसे आधी हॉटेलच्या खात्यात जातात, मग कामगाराकडे. मग तो पगार झाला का? त्यावर हॉटेलने पगारासारखा कर कापायचा का? सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही. हॉटेल फक्त सांभाळणारं, पैसे कामगाराचे. आजकाल आपण फोनवरून पैसे भरतो. ताटलीत सुटे उरतच नाहीत. म्हणून हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. फोनवरून वेटरसाठी म्हणून दिलेले जास्तीचे पैसे गल्ल्यात अडकून राहता कामा नयेत.

आता बिलावर कधी कधी 'सेवा शुल्क' अशी एक ओळ असते. ती टिपही नव्हे आणि सरकारचा करही नव्हे. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं की हे शुल्क आपोआप बिलात घालायचं नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. खुशीची गोष्ट सक्तीने वसूल करायची नसते.

अमेरिकेतलं उलटं गणित

इगतपुरी रेल्वेचं गाव, म्हणून अमेरिकेतली गोष्टही रेल्वेचीच सांगतो आहोत. तिथे जॉर्ज पुलमन नावाच्या उद्योगपतीने झोपायच्या सोयीचे ऐटबाज डबे काढले. त्या डब्यांत सामान उचलायला, बिछाने घालायला, बूट चमकवायला त्याने गुलामगिरीतून नुकतेच सुटलेले कृष्णवर्णीय लोक ठेवले. पगार अगदी तुटपुंजा. बाकी जगायचं ते प्रवाशांच्या टिपेवर. प्रवासी त्यांना नावानेसुद्धा हाक मारत नसत. मालकाच्या नावावरून सगळ्यांनाच 'जॉर्ज' म्हणत! टिप हवी तर अपमान गिळून हसत राहायचं. १९२५ साली या कामगारांनी ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढारीपणाखाली संघटना काढली. तब्बल बारा वर्षं झगडल्यावर १९३७ साली कंपनीने त्यांच्याशी करार केला. पगार वाढला, कामाचे तास कमी झाले.

पण हॉटेलांत काय झालं? तिथे किमान वेतनाचा देशव्यापी कायदा १९३८ साली आला. १९६६ मध्ये तो हॉटेलातल्या कामगारांना लागू करताना एक पळवाट ठेवली गेली. मालकाला टिप पगारात धरता येऊ लागली! आज तिथलं देशपातळीवरचं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. पण टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात. ७.२५ वजा २.१३ किती? ५.१२. एवढे गिऱ्हाइकाच्या खिशातून यायचे! ते कमी पडले तर मालकाने भरून द्यावेत असा नियम आहे. पण रोज हिशेब कोण मांडणार आणि मालकाकडे मागणार कोण? हा २.१३ चा आकडा १९९१ पासून हललेला नाही.

मात्र सगळी अमेरिका अशी नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत टिप पगारात धरताच येत नाही. शिकागो शहराने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतःचा नियम करून हा फरक टप्प्याटप्प्याने मिटवायचं ठरवलं आणि जुलै २०२४ मध्ये पहिली पायरी चढलीसुद्धा. ब्रिटनमध्ये २००९ पासून टिप किमान वेतनात धरता येत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून तर मालकाला टिपेतला एक पैसाही स्वतःकडे ठेवता येत नाही.

कायदा पुस्तकात, माणूस कामावर

म्हणजे आपला कायदा या बाबतीत अमेरिकेपेक्षा सरळ आहे. पण दोस्तांनो, कायदा पुस्तकात असला म्हणजे तो प्रत्येक ढाब्यावर पोचलाच असं होत नाही. "पगार थोडा आहे, पण वरकमाई बरी आहे," असं सांगून माणसं कामावर ठेवली जातात. दोन वेळचं जेवण आणि झोपायला जागा दिली, आता पगार कशाला हवा, असंही बोललं जातं. कामावर ठेवल्याचा कागद नाही, हजेरीचं पुस्तक नाही. मग कमी मिळाले हे सिद्ध कसं करायचं? एक उपाय अगदी साधा आहे. कामाचे दिवस, तास आणि मिळालेला पगार रोजच्या रोज वहीत लिहून ठेवायचा. तुमच्या घरी कुणी असं काम करत असेल तर ही वही तुम्ही लिहू शकता. तारीख, तास, रक्कम असे तीन रकाने आखायचे. तक्रार करायची वेळ आलीच तर नाशिकला कामगार खात्याचं कार्यालय आहे. तिथे ही वही उपयोगी पडेल.

मालकांची बाजूही ऐकूया. लहान ढाबेवाला म्हणतो, "पावसाळ्याचे चार महिने धंदा, बाकी माश्या मारायच्या. मी कुठून देऊ?" त्याची अडचण खरी आहे. पण १९६१ साली केरळमधल्या कौलांच्या कारखान्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की किमान वेतन परवडत नाही ही सबब चालणार नाही. तेलाचा डबा परवडत नाही म्हणून दुकानदार फुकट देतो का? मग माणसाच्या घामाचीच किंमत आधी का कापायची?

आणि 'पोऱ्या'? कप विसळणारा, टेबल पुसणारा तुमच्याच वयाचा मुलगा? १० ऑक्टोबर २००६ पासून १४ वर्षांखालच्या मुलांना हॉटेल, ढाबा, चहाच्या टपरीवर कामाला ठेवायला बंदी आहे. २०१६ पासून सगळ्याच धंद्यांत ही बंदी आहे. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर हातभार लावणं तेवढं चालतं. असा मुलगा दिसला तर त्याला टिप देऊन आपण मोकळे होऊ नये. त्याची जागा शाळेत आहे. १०९८ हा मुलांसाठी मदतीचा फोन क्रमांक आहे. तो फुकट लागतो. मोठ्यांना सांगून तो जरूर फिरवा.

पालकांसाठी दोन शब्द

टिप देऊ नका असं आमचं मुळीच म्हणणं नाही. जरूर द्या, आणि शक्यतो ज्याने वाढलं त्याच्या हातात द्या. पण देताना मुलांना एवढं सांगा की हे आपल्या खुशीचे पैसे आहेत, काकांचा पगार नव्हे. पगार मालकाने द्यायचा आहे. आणि हाक मारताना 'ए शुक शुक' नको, 'दादा', 'काका', 'मावशी' म्हणा. त्याला पैसे पडत नाहीत. घरी धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या बाबतीतही हाच धडा गिरवता येईल. दिवाळीची साडी दिली म्हणून आजारपणातल्या सुट्टीचे पैसे कापायचे नसतात.

करून पाहा

१. ७२ वार कापड म्हणजे किती मीटर? (१ वार = ०.९१४४ मीटर. उत्तर ६६ च्या जवळ आलं तर शाबास!)

२. तुमच्या घरातल्या चौघांना महिनाभर काय काय लागतं त्याची यादी करा. तांदूळ, डाळ, तेल, भाडं, वीज, वह्या, औषध. पुढे किंमत लिहून बेरीज करा. मग आई-बाबांना विचारा, "एवढ्यात भागतं का?"

३. आजी-आजोबांना बलुतं आणि पोस्त यांच्या आठवणी विचारा आणि दहा ओळी लिहा.

दुसऱ्या प्रश्नाची बेरीज केलीत की एक गोष्ट आपोआप कळेल. किमान वेतन हा सरकारी कागदावरचा कोरडा आकडा नाही. त्यात कुणाच्या तरी घरचा भात आहे, कुणाची तरी गोळ्यांची पट्टी आहे आणि तुमच्यासारख्याच कुणाची तरी नवी कोरी वही आहे.